मांस सोडायचं, मांसाला नावं ठेवायची नाहीत

उपवास म्हटला की मराठी घरात आदल्या रात्री साबुदाणा भिजत पडतो आणि सकाळी प्रश्नांना सुरुवात होते. कोथिंबीर चालते का? जिरं चालतं, मग हळद का नाही? प्रत्येक घराची यादी निराळी आणि प्रत्येक यादीला कुठल्या तरी आजीचा दाखला. गंमत अशी की बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो टॅपिओका, ही चारही पिकं मूळची अमेरिका खंडातली. युरोपीय जहाजांतून, त्यातही बहुधा पोर्तुगीजांच्या, ती सोळाव्या शतकापासून पुढे आपल्याकडे आली. ज्ञानदेवांच्या काळातल्या एकादशीच्या ताटात यातलं काहीच असणं शक्य नव्हतं. तरी ती चालतात, आणि कित्येक शतकं याच मातीत पिकणारा हरभरा चालत नाही.

हे पुस्तक ज्या उपवासाविषयी आहे त्यात साबुदाणा नाही. ईस्टरच्या आधी कॅथोलिक ख्रिस्ती लोक चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात, प्रायश्चित्तकाळ असंही त्याला म्हणतात, त्याची ही ओळख आहे. पण ‘चालतं का?’ हा प्रश्न तिथेही तितकाच जुना आहे. लोणी चालतं का, चॉकलेट चालतं का, मगर चालते का, असं तिथे गंभीरपणे विचारलं गेलं आणि त्याला गंभीर उत्तरंही मिळाली. वाचकाला हसू येईल. मलाही आलं. मात्र विचारणारा कुठल्या मुलखात, कुठल्या चुलीपाशी उभा राहून विचारत होता हे पाहिलं की त्या प्रश्नांतला विक्षिप्तपणा बराच कमी होतो.

आजचा नियम आधी सांगून टाकतो, कारण तो सांगायला फार वेळ लागत नाही. उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या घरोघरी क्रुसामागे खोचून ठेवलेल्या असतात. त्या वाळलेल्या झावळ्या जाळून राख करतात आणि धर्मगुरू त्या राखेने कपाळावर क्रूस काढतात. तिथपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस मोजले तर ते ४६ भरतात. त्यातले सहा रविवार वजा केले की ४०. येशूने अरण्यात केलेल्या चाळीस दिवसांच्या उपवासाची ही आठवण. १९८३च्या धर्मनियमसंहितेनुसार खरा उपवास दोनच दिवस बंधनकारक आहे, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एकच पोटभर जेवण. सकाळी आणि संध्याकाळी थोडंसं काही घेतलं तर नियम मोडत नाही. हे बंधन वयाची अठरा वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. मांस वर्ज्य करायचं ते या दोन दिवशी आणि शुक्रवारी, चौदा पूर्ण झालेल्या प्रत्येकाने, मग तो नव्वदीचा असला तरी. मासे, अंडी, दूध चालतं. आजारी माणसाला, गरोदर बाईला सूट आहे.

तारीख दरवर्षी सरकते, कारण ईस्टर चंद्रावर ठरतो, वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार. त्यामुळे आपल्या पंचांगाशी या काळाची अनेकदा सहज गाठ पडते. २०२३ साली महाशिवरात्र १८ फेब्रुवारीला होती आणि राखेचा बुधवार २२ला. हनुमान जयंती ६ एप्रिलला आणि गुड फ्रायडे ७ला. अधिक महिना आला की हे गणित विस्कटतं.

आता मुद्द्याचं. मराठी वाचक या विषयाकडे येताना एक समजूत बरोबर घेऊन येतो, आणि ती आधी बाजूला ठेवली नाही तर पुढचं सगळं चुकीचं वाचलं जाईल. उपवासाला मांस वर्ज्य म्हणजे मांस अपवित्र, तामसी, हिंसेने मिळालेलं. शाकाहार म्हणजे शुद्ध, सात्त्विक. आपल्याकडे हे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की वेगळं कारण असू शकेल अशी शंकाही येत नाही. कॅथोलिक परंपरेत कारण नेमकं उलट आहे. मांस चांगलं आहे म्हणून सोडायचं. ते सणाचं, पाहुण्याचं, जावयाचं अन्न आहे. देवाने दिलेलं, रुचकर, अंगाला लागणारं. ज्याला आपण किंमत देत नाही ते सोडण्यात त्याग कसला?

हे मी कौतुकाने रंगवून सांगत नाही, त्याला चौथ्या शतकातला लेखी पुरावा आहे. आजच्या तुर्कस्तानात गांग्रा नावाच्या गावी त्या शतकाच्या मध्याच्या सुमारास बिशपांची एक परिषद भरली. त्या भागात कडक वैराग्याचा एक पंथ जोरात होता. त्याचे लोक लग्नाला तुच्छ मानत, मांस खाणाऱ्याला तारण नाही असं म्हणत, आणि रविवारीही उपवास करत. परिषदेने बहिष्कार कोणावर टाकला? मांस खाणाऱ्यांवर नव्हे, मांस खाणाऱ्याची निंदा करणाऱ्यांवर. वैराग्याचा आव आणून रविवारी उपवास करणाऱ्यांवरही. रविवार पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपाशी राहणं म्हणजे आनंदाच्या बातमीला पाठ दाखवणं. चाळीसची मोजणी करताना रविवार वगळतात त्याचं मूळ याच विचारात आहे. उपवासावर बंधन असावं तसं उपवासाच्या अतिरेकावरही असावं, हा विचार मला या सगळ्या परंपरेतला सर्वांत शहाणा भाग वाटतो. दुर्दैवाने तोच सर्वांत कमी सांगितला जातो.

पहिल्या काही शतकांत एकच एक पद्धत नव्हतीच. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस लियाँचे बिशप इरिनेयस यांनी रोमला पत्र लिहिलं. त्यात ईस्टरच्या आधी कोणी एक दिवस उपवास करतात, कोणी दोन, कोणी जास्त, अशी नोंद आहे, आणि हा फरक असूनही आपण एकोप्याने राहतो, असा सूर आहे. पाचव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचा इतिहासकार सॉक्रेटिस (तत्त्वज्ञ नव्हे, त्याच्या नंतर आठशे वर्षांनी झालेला) आणखी तपशील देतो. काही जण कुठलाच प्राणी खात नाहीत, काही फक्त मासे खातात. काही जण पक्षीही खातात, कारण बायबलमधल्या उत्पत्तिकथेनुसार पक्षी पाण्यातून झाले. काही अंडी आणि फळंही टाळतात, काही कोरड्या भाकरीवर राहतात. म्हणजे पक्ष्याला मासा ठरवण्याची युक्ती मध्ययुगातल्या लबाड मठवासीयांची नव्हे, ती त्याहून कितीतरी जुनी आहे.

मध्ययुगात नियम कडक झाला. दिवसातून एकदाच जेवायचं, आणि तेही सूर्य कलल्यावर, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर. मांसच नव्हे तर अंडी, दूध, लोणी, चीज सगळं बंद. पण पोट आणि घड्याळ यांची ओढाताण लगेच सुरू झाली. जेवणाची वेळ हळूहळू संध्याकाळवरून दुपारी तीनवर आली, मग मध्यान्हीवर. नियम होता की संध्याकाळची प्रार्थना झाल्याशिवाय जेवायचं नाही. मग मठांनी काय केलं? संध्याकाळची प्रार्थनाच दुपारी बाराच्या आत आटपायला सुरुवात केली. नियम जागच्या जागी राहिला आणि ताटही वेळेवर वाढलं गेलं. त्यानंतर दिवस लांब वाटू लागला तेव्हा रात्रीच्या एका छोट्या अल्पोपाहाराला मान्यता मिळाली. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी उपवासाची वेळ, वर्ज्य पदार्थ, पेयं, औषधी मुरंबे या सगळ्याचा शांतपणे ऊहापोह केला. मुरंबा औषधासारखा घेतला तर उपवास मोडत नाही, जेवणासारखा हाणला तर मोडतो, हा त्यांचा निवाडा कुठल्याही आजीला पटण्यासारखा आहे.

आणि इथेच चुलीचा प्रश्न येतो. अंडी-दूध-लोणी वर्ज्य करणारा नियम भूमध्य समुद्राच्या काठी घडला. तिथे ऑलिव्हचं तेल घरोघरी होतं. लोणी बंद झालं तर फारसं काही बिघडत नव्हतं. तोच नियम नॉर्मंडीत, जर्मनीत, स्कँडिनेव्हियात गेला. तिथे ऑलिव्ह उगवत नाही. आयात केलेलं तेल महाग, आणि सामान्यांच्या हाती पडायचं ते खवट. गाय मात्र दारात. सहा आठवडे लोण्याशिवाय राहणं हा तिथल्या गरिबाला खरोखरचा जाच होता, आणि श्रीमंताला तो पैसे देऊन टाळता येत होता. फ्रान्समधल्या रुआँ शहराच्या कॅथेड्रलचा एक मनोरा पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून सोळाव्याच्या सुरुवातीपर्यंत बांधला गेला. उपवासकाळात लोणी खाण्याच्या परवानगीसाठी लोकांनी दिलेल्या दानातून तो उभा राहिला अशी ख्याती आहे, आणि आजही त्याला लोण्याचा मनोराच म्हणतात. स्पेन-पोर्तुगालच्या राज्यांत क्रूसेडची बुला नावाचा छापील दाखला दान देऊन घेता येई. तो हाती असला की अंडी-दूध चालायचं. १५२०मध्ये मार्टिन ल्यूथर यांनी रोमवर जे आरोप केले त्यांत या लोणी-परवान्यांचा राग स्पष्ट दिसतो. धर्मसुधारणेच्या इतिहासात पापक्षमापत्रांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. तेलातुपाबद्दल तेवढं लिहिलं जात नाही, पण सामान्य माणसाच्या रोजच्या जेवणात ही ठिणगी कितीतरी आधीपासून धुमसत असणार.

तिचा भडका उडाला तो मात्र सॉसेजवरून. १५२२ सालचा उपवासकाळ, मार्चची ९ तारीख, झ्युरिक शहर. ख्रिस्तोफ फ्रोशाउअर नावाच्या छापखानेवाल्याच्या घरी दहा-बारा माणसं जमली होती. दोन धुरावलेली सॉसेजं आणली गेली, त्यांचे बारीक तुकडे केले गेले आणि प्रत्येकाच्या हाती एकेक पडला. हुल्ड्रिख झ्विंग्ली हे शहरातल्या मुख्य चर्चचे उपदेशक तिथे हजर होते. त्यांनी स्वतः तुकडा तोंडात टाकला नाही, पण कोणाला अडवलंही नाही. गोष्ट बाहेर फुटली आणि नगरपरिषदेने चौकशी लावली. फ्रोशाउअरचा जबाब वाचण्यासारखा आहे. फ्रांकफुर्टच्या पुस्तकजत्रेसाठी काम अंगावर आलं आहे, रात्रंदिवस यंत्रं चालू आहेत. नुसत्या लापशीवर माझे कामगार एवढं काम रेटू शकत नाहीत आणि दरवेळी मासे विकत घेणं मला परवडत नाही, असा त्याचा आशय. दोन आठवड्यांनी झ्विंग्लींनी अन्नाच्या निवडीच्या स्वातंत्र्यावर प्रवचन दिलं, पुढच्या महिन्यात ते छापून आलं, आणि स्वित्झर्लंडमधली धर्मसुधारणा तिथून सुरू झाली असं इतिहासकार मानतात.

झ्विंग्लींचं प्रवचन अर्थातच जास्त गाजलं. मला फ्रोशाउअरचा जबाब अधिक मोलाचा वाटतो. त्यात धर्मशास्त्र कमी आहे आणि मासळीचा भाव जास्त आहे. झ्युरिक समुद्रापासून लांब; मासा तिथे श्रीमंतांची चैन. ‘मांस नको, मासे चालतील’ हा नियम त्या छापखान्यात पोहोचेपर्यंत त्याचा अर्थच फिरला होता. साधेपणासाठी केलेला नियम पाळायला जास्त पैसे लागत होते.

माशाची कथा पुढे इंग्लंडात आणखी मजेदार होते. तिथे रोमशी संबंध तुटला, पण मासळीचे दिवस राहिले, कारण मासेमारी बुडाली तर आरमाराला खलाशी कुठून आणायचे? १५६३ साली राणी एलिझाबेथचे मंत्री विल्यम सेसिल यांनी कायद्याने बुधवारही मासळीचा दिवस केला. त्याच कायद्यात अशी तरतूद होती की मासे खाणं आत्म्याच्या तारणासाठी आवश्यक आहे असा प्रचार कोणी केला तर त्याला खोट्या बातम्या पसरवल्याबद्दल शिक्षा व्हावी. चारशे वर्षांनी अमेरिकेतल्या सिनसिनाटीत लू ग्रोएन नावाच्या मॅकडोनाल्ड्स चालवणाऱ्याचं दुकान शुक्रवारी ओस पडायचं, कारण वस्ती कॅथोलिकांची. त्यांनी माशाचं सँडविच काढलं. कंपनीचे मालक रे क्रॉक यांचा आग्रह पावात अननसाची चकती घालण्याचा होता. १९६२ साली दोन्हींची स्पर्धा लावली आणि मासा जिंकला, अननसाचं नावही आज कोणाला आठवत नाही.

बाकीची उदाहरणं पुढच्या पानांत येतीलच, म्हणून इथे धावती ओळख पुरे. बाराव्या शतकात वेल्सचे गेराल्ड तक्रार करतात की आयर्लंडमधले धर्माधिकारी एका जातीचं रानबदक उपवासात बिनदिक्कत खातात, कारण ते समुद्रातल्या लाकडावर उगवतं अशी समजूत. सतराव्या शतकात चॉकलेट हे पेय की अन्न यावर ग्रंथ लिहिले गेले. १६३६ साली माद्रिदमध्ये अंतोनियो दे लेओन पिनेलो यांनी याच एका प्रश्नावर अख्खं पुस्तक छापलं. व्हेनेझुएलात कॅपिबारा हा पाणथळीतला मोठा कृंतक प्राणी आजही उपवासकाळात खातात. आणि २०१० साली न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप ग्रेगरी आयमंड यांनी एका जिज्ञासूला लेखी उत्तर दिलं की मगरीची गणना माशांच्या कुळात होते, तेव्हा चालेल. लुइझियानाच्या दलदलीत राहणाऱ्याला हा प्रश्न पडणं स्वाभाविकच आहे.

विसाव्या शतकात नियम सैल होत गेला. १९१७च्या संहितेने अंडी-दुधावरची बंदी उठवली, पण रविवार सोडून उपवासकाळाचा प्रत्येक दिवस कागदावर तरी उपवासाचाच ठेवला. १७ फेब्रुवारी १९६६ रोजी पोप सहावे पॉल यांनी नवा आदेश काढला आणि बंधनकारक उपवास दोन दिवसांवर आले. त्यांचा हेतू सवलत देण्याचा नव्हता. प्रार्थना, दानधर्म आणि स्वतःहून केलेला त्याग यांवर भर यावा, असा होता. प्रत्यक्षात अनेक देशांत लोकांनी सवलत तेवढी उचलली. उपवास हा पूर्वी सगळ्या गावाचा असायचा: खाटकाचं दुकान थंड, लग्नं नाहीत, वाजंत्री नाही. तो ज्याच्या त्याच्या मर्जीवर आला की एकट्याचा होतो, आणि एकट्याने केलेला निश्चय तिसऱ्या शुक्रवारी ढिला पडतो. नियम सैल केला हे बरंच झालं, पण त्याबरोबर गावाची सोबतही गेली, असं माझं मत आहे. पुस्तकाच्या लेखकाचं मत यापेक्षा वेगळं आहे, ते वाचकाने त्यांच्याकडूनच समजून घ्यावं.

आपल्या किनाऱ्यावर ही सोबत अजून बरीच टिकून आहे. गोव्यात इंत्रूजचे, म्हणजे कार्निव्हलचे, चार दिवस धिंगाणा घातल्यावर मंगळवारी रात्री वाद्यं थांबतात आणि बुधवारी कोरेझ्म, म्हणजे उपवासकाळ, लागतो. वसईत राखेच्या बुधवारच्या आधी लग्नांची घाई उडालेली असते, कारण पुढचे सहा-सात आठवडे मंडप पडणार नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये ‘क्रुसाची वाट’ ही प्रार्थना. कित्येक घरांत शुक्रवारच नव्हे तर सगळा उपवासकाळ मटण-कोंबडी शिजत नाही. कोणी दारू सोडतो, कोणी विडी, हल्ली कोणी मोबाइलवरच्या मालिका. गुड फ्रायडेला कोकणपट्टीतल्या अनेक घरी दुपारी नुसती पेज आणि लोणचं.

पण मासळी? १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती घेतली. त्या दोनशे वर्षांत जो धर्मनियम इथे रुजला त्यात ‘मासे चालतील’ हे वाक्य आयतं आलं. पाचूबंदरच्या ख्रिस्ती कोळ्याला ते ऐकून काय वाटावं? फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच्या अंगणातल्या बांबूच्या वलांड्यांवर बोंबील ओळीने लटकत असतात. रोजच्या भाताबरोबर तेच. त्याला मटण सोडा म्हणून सांगणं आणि झ्युरिकच्या छापखानेवाल्याला मासे खा म्हणून सांगणं, दोन्ही एकाच मापाचं. एकाला ते परवडत नाही, दुसऱ्याला ते जाणवतच नाही. उलट वसईच्या वाड्यांतल्या एखाद्या घरी आठवड्यातून एकदाच, रविवारी, मांस येतं. तिथे शुक्रवारचा नियम न पाळताच पाळला जातो.

यावर तोड नियमातच आहे, फक्त ती फारशी वाचली जात नाही. १९८३च्या संहितेत मांस ‘किंवा बिशपांची परिषद ठरवील तो दुसरा पदार्थ’ सोडण्याची सोय आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या बिशपांनी २०११ साली वर्षभराच्या शुक्रवारचा मांसत्याग पुन्हा सक्तीचा केला. त्या वेळी त्यांनी हेही स्पष्ट केलं की जो एरवीच मांस खात नाही त्याने आपल्या रोजच्या जेवणातला दुसरा एखादा पदार्थ सोडावा. नंतर केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा सुमारे २८ टक्के कॅथोलिकांनी शुक्रवारचं जेवण बदलल्याचं दिसलं, आणि त्यातून किती कर्बवायू वाचला याचा हिशेबही त्यांनी मांडला. बिशपांच्या मनात कर्बवायू नव्हता. पण असल्या हिशेबावर सेसिलसाहेब खूश झाले असते.

शेवटी एक सूचना. पुस्तकातली वयं, वार आणि वर्ज्य पदार्थ हे लॅटिन विधी पाळणाऱ्या कॅथोलिकांपुरते आहेत. केरळातले सीरो-मलबार ख्रिस्ती हेही रोमशी जोडलेले कॅथोलिकच, पण त्यांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी नव्हे, सोमवारी सुरू होतो. त्याला पन्नास दिवसांचा उपवास म्हणतात, आणि जुन्या शिस्तीत त्यात मांसाबरोबर मासे, अंडी आणि दूधही वर्ज्य असतं. १९८८ साली त्यांचा कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. मुंबई-पुण्याकडच्या मराठी वाचकाच्या ओळखीत असं एखादं मलयाळी कुटुंब असण्याचा पुरेपूर संभव आहे. त्यांच्यावर शेवटी स्वतंत्र प्रकरण आहे. ते आधी वाचलं तरी बिघडत नाही.